सरकारी कर्जाची वसुली नोटिशीशिवाय होते का?

प्रश्न : आमचं गाव पनवेल तालुक्यात. बाबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एका सरकारी महामंडळाकडून म्हशी घेण्यासाठी कर्ज काढलं होतं. काही हप्ते भरले, पुढे राहिले. बाबा आता नाहीत. परवा कामासाठी सातबारा काढला, तर 'इतर हक्क' रकान्यात बोजा आणि खाली जप्तीची नोंद! महामंडळाचं पत्र नाही, तहसीलदारांची नोटीस नाही. चौकशी केली तर कचेरीत सांगितलं, "सरकारी पैसा आहे, त्याला नोटीस लागत नाही." हे खरं का? नोटीस दिली नाही म्हणून जप्ती रद्द करून घेता येईल का? आणि ती रद्द झाली, तर कर्जही सुटेल ना?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. 'सरकारी पैशाला नोटीस लागत नाही' हे चूक. 'नोटिशीशिवाय झालेली जप्ती रद्द होऊ शकते' हे बरोबर, पण त्याला अटी आहेत. 'मग कर्जही सुटेल' हे मात्र मनातून काढून टाका. या तिसऱ्या आशेपायी लोक वर्षानुवर्षं तारखा करतात आणि शेवटी व्याजासकट भरतात.

आधी पाहू, की हे कर्ज नेमकं कोणाचं. लोक ज्याला सरसकट 'सरकारी कर्ज' म्हणतात, त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, खुद्द शासनाने दिलेला पैसा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली तगाई ही यातली. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा, यांखाली ती दिली जाई आणि थकली तर शेतसाऱ्यासारखी वसूल होई. दुसरी, महामंडळांची कर्जं. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, वसंतराव नाईक महामंडळ, अण्णासाहेब पाटील महामंडळ ही नावं तुमच्या ओळखीची असतील. तिसरी, सरकारी योजनेतून पण बँकेने दिलेली कर्जं. अनुदान सरकारचं, पैसा बँकेचा. अनेक योजनांत एकाच म्हशीमागे बँकेचा वाटा, महामंडळाचा वाटा आणि अनुदान असे तिन्ही पैसे असतात. मग कोण वसूल करतंय आणि कोणत्या कायद्याने, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमच्या पत्रावरून तुमचं कर्ज दुसऱ्या प्रकारातलं दिसतं.

आता महामंडळाच्या थकबाकीत तहसीलदार कुठून आले? त्यांनी तर कर्ज दिलं नव्हतं. त्याचं असं आहे, की काही प्रकारच्या येण्यांना कायदा 'जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येणारी रक्कम' असा दर्जा देतो. तो दर्जा मिळाला की दिवाणी दावा, हुकूमनामा, दरखास्त हा सगळा लांबचा रस्ता टळतो. महामंडळ वसुली दाखला काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतं. कचेरीत याला सगळे 'आरआरसी' म्हणतात. रायगडचे जिल्हाधिकारी अलिबागला, तिथून तो दाखला पनवेलच्या तहसीलदारांकडे येतो. कर्ज मुंबईत घेतलं आणि जमीन पनवेलला, असं असेल तर १८९० च्या महसूल वसुली कायद्याखाली एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी दुसऱ्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याला दाखला पाठवू शकतो. मुंबईत धंदा आणि गावाकडे सातबारा असणाऱ्यांना याचा अनुभव येतो.

यात एक मेख आहे. दाखला मिळाल्यावर तहसीलदार रकमेचा हिशेब तपासायला बसत नाहीत. त्यांचं काम पोचवलेला आकडा वसूल करणं. म्हणून 'तहसीलदार साहेबांना समजावून सांगू, ते व्याज कमी करतील' या भरवशावर राहू नका. रकमेबद्दल भांडण असेल तर ते दाखला काढणाऱ्याशी, म्हणजे महामंडळाशी. वसुलीच्या पद्धतीबद्दल भांडण असेल तर ते महसूल खात्याशी. बरेच अर्ज चुकीच्या टेबलावर दिल्यामुळे पडून राहतात.

तर मग नोटीस. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १७६ मध्ये थकबाकी वसुलीचे मार्ग दिले आहेत आणि त्यातला पहिलाच मार्ग लेखी मागणीची नोटीस हा आहे. त्यानंतर जंगम मालाची जप्ती आणि विक्री, स्थावराची जप्ती आणि विक्री, अगदी थकबाकीदाराला अटक करून अडकवून ठेवण्यापर्यंतचे मार्ग येतात. मागणीच्या नोटिशीचं कलम १७८ वाचलं तर भाषा अशी, की थकबाकी झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून नोटीस 'काढता येईल'. 'काढलीच पाहिजे' असं नाही. कचेरीतल्या माणसाने 'नोटीस लागत नाही' म्हटलं, ते बहुधा या शब्दावर बोट ठेवून. अगदी हवेतलं बोलणं नाही ते, पण अर्धंच आहे.

उरलेलं अर्धं मुंबईच्या फुटपाथवर ठरलं. १९८१ मध्ये मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या उचलण्याचा निर्णय झाला आणि प्रकरण ओल्गा टेलिस खटला म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३१४ मध्ये तर स्पष्टच लिहिलं होतं, की आयुक्तांना अशी अतिक्रमणं नोटीस न देता हटवता येतील. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ ला निकाल दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तो लिहिला. त्यांनी कलम रद्द केलं नाही. त्यांनी ते वाचायचं कसं हे सांगितलं : 'नोटीस न देता' ही आयुक्तांना दिलेली मुभा आहे, हुकूम नव्हे. नियम ऐकून घेण्याचा, आणि न ऐकणं हा तातडीच्या प्रसंगापुरता अपवाद. ज्या कायद्यात 'नोटीस न देता' असं छापलेलं आहे, तिथे ही गत, तर तुमच्या कलम १७८ मध्ये 'नोटिशीशिवाय' हा शब्दसुद्धा नाही. १९७८ च्या मनेका गांधी आणि १९८१ च्या स्वदेशी कॉटन मिल्सच्या निकालांतही हेच सूत्र आहे : कायदा गप्प असेल, तिथे ऐकून घेण्याचा हक्क आहे असंच धरायचं.

पण या निकालाचा शेवट काय झाला, हे फार थोडे सांगतात. न्यायालयाने म्हटलं, या लोकांना ऐकून घ्यायला हवं होतं, पण आता आम्हीच त्यांचं सगळं ऐकलं आहे. त्यामुळे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा उलटून जाईपर्यंत झोपड्यांना हात लावू नका, त्यानंतर हटवता येतील. हक्क मान्य झाला आणि झोपडी गेली. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच्यात आहे. नोटिशीच्या मुद्द्यावर जिंकलात तर तुम्हाला मिळते ती तुमचं म्हणणं मांडण्याची संधी. जप्ती रद्द झाली तरी महामंडळाला नव्याने, नीट नोटीस काढून तीच वसुली करायची वाट मोकळी असते.

कोणी म्हणेल, थकवलं त्याने आणि नोटिशीचे लाड कशाला? हा आक्षेप जुना आहे. १८६३ मध्ये लंडनमध्ये वँड्सवर्थच्या मंडळाने एका बांधकामदाराचं अर्धवट घर रातोरात पाडलं. कायद्याप्रमाणे बांधकाम सुरू करण्याआधी त्यानेच मंडळाला कळवायला हवं होतं, आणि ते त्याने केलं नव्हतं म्हणे. पाडण्याचा अधिकारही कायद्यात होता. तरी न्यायालयाने त्याला नुकसानभरपाई दिली, कारण पाडण्याआधी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. चूक करणाऱ्यालाही सांगण्यासारखं काही असू शकतं, हा त्यातला विचार. थकबाकीदाराकडे तर असतंच : भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या असतात, खात्यात न दाखवलेलं अनुदान असतं, म्हैस मेल्यावर मिळालेला आणि परस्पर कर्जात न वळवलेला विमा असतो.

इथे एक अडचण आहे आणि ती तुमच्या वकिलांनी तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगायला हवी. आजकाल न्यायालयं नुसत्या 'नोटीस नाही' या एका वाक्यावर समाधान मानत नाहीत. २०२० मध्ये उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध सुधीर कुमार सिंह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरचे जुने निकाल एकत्र करून सांगितलं, की ऐकून न घेतल्यामुळे त्या माणसाचं नुकसान झालं का, हे पाहायचं. म्हणजे न्यायाधीश विचारणार : नोटीस मिळाली असती तर तुम्ही काय सांगितलं असतं? त्यावर 'काही नाही, पैसे नाहीत एवढंच' हे उत्तर असेल, तर अर्ज टिकणं कठीण. 'बाबांनी इतके हप्ते भरले, त्या पावत्या या, हिशेबात त्या धरलेल्या नाहीत' हे उत्तर असेल, तर सगळी हवा बदलते. म्हणून घरातल्या पत्र्याच्या पेटीतल्या पिवळ्या पडलेल्या पावत्या आधी शोधा, वकील नंतर.

आता 'नोटीस मिळालीच नाही' या वाक्याकडे जरा बारकाईने पाहू, कारण यात मोठा गैरसमज आहे. कायद्याच्या दृष्टीने नोटीस तुमच्या हातात पडणं आणि नोटीस बजावली जाणं ही एकच गोष्ट नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम २७ सांगतं, की योग्य पत्ता घालून, तिकीट लावून रजिस्टर्ड टपालाने पाठवलेलं पत्र नेहमीच्या वेळेत पोचलं असं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून पोस्टमनला 'घ्यायचं नाही' सांगून परत पाठवलं, की आपण सुटलो हा समज चूक आहे. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडला, की तो तुमच्याच विरुद्ध पुरावा. 'घर बंद', 'सूचना देऊनही नेले नाही' हे शेरेही बहुधा बजावणीतच जमा होतात, चेक परत येण्याच्या खटल्यांत तर हे अनेकदा ठरलं आहे. पत्ता बदलून महामंडळाला कळवला नसेल, तर जुन्या पत्त्यावरची नोटीस त्यांच्या बाजूची धरली जाण्याचा संभव मोठा.

मात्र पाकिटावर 'मयत' असा शेरा असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तुमच्या बाबतीत हेच घडलं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. कर्ज बाबांच्या नावावर, पत्रं बाबांच्या नावाने, पोस्टमनने लाल शाईत 'मयत' लिहून पाकीट परत केलं, आणि कार्यालयाने ते फाइलला लावून पुढची कारवाई चालू ठेवली. गेलेल्या माणसाच्या नावाने काढलेल्या नोटिशीने वारसांना नोटीस दिली असं होत नाही. तो शेरा वाचल्यावर वारस कोण हे शोधणं कार्यालयाचं काम होतं. सातबारावर वारस नोंद झालेली असेल, तर तुमचा मुद्दा अधिकच पक्का, कारण तुमची नावं महसूल खात्याच्याच दप्तरात होती. नोंद अजून केलीच नसेल, तर समोरची बाजू म्हणेल, 'आम्हाला कसं कळणार?' वारस नोंद टाळण्याचा आपल्याकडचा आळस इथे नडतो.

वारस म्हणून तुमची जबाबदारी किती, हेही इथेच पाहून घेऊ. वडिलांचं कर्ज मुलाच्या पगारातून कापलं जाईल, अशी भीती अनेकांना असते. तसं नाही. वडिलांकडून जी मालमत्ता हातात आली, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. पूर्वी हिंदू कायद्यात वडिलांचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, म्हणून सावकार मुलाच्या हिश्श्यावरही जाऊ शकत असे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरता तो आधार काढून टाकला. मात्र जमीन वडिलांची होती आणि ती तुमच्याकडे आली, तर बोजाही जमिनीबरोबर आला. जमीन घेतली आणि बोजा सोडला असं करता येत नाही.

जप्ती करतानाही सगळं उचलता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून काढायचं नसतं ते मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि तो स्वतः राहतो ते घर, यांना महसूल संहितेतच संरक्षण आहे. जमिनीचा लिलाव करायचा तर जाहीरनामा लावावा लागतो आणि तो लावल्यापासून किमान तीस दिवस जावे लागतात. लिलाव झालाच, तर तीस दिवसांच्या आत दोन वाटा असतात. सगळी रक्कम आणि वर खरेदीदाराला पाच टक्के भरून विक्री रद्द करून घेणं ही एक. जाहीरनाम्यात किंवा विक्रीत मोठी अनियमितता झाली आणि त्यामुळे आपलं खरोखर नुकसान झालं, हे दाखवून अर्ज करणं ही दुसरी. पनवेलसारख्या ठिकाणी, जिथे विमानतळ, नैना प्रकल्प आणि महामार्गांमुळे गुंठ्याचे भाव कर्जाच्या आकड्याला कुठल्या कुठे मागे टाकतात, तिथे थोड्या थकबाकीसाठी मोठा तुकडा विकला जाणं हे नुकसान दाखवायला सोपं आहे. अर्थात बहुतेक वेळा लिलावापर्यंत जात नाहीच. बोजाच पुरेसा असतो, कारण तो सातबारावर आहे तोवर ना खरेदीखत होत ना दुसरं कर्ज मिळत.

आता मुदतीची गोष्ट. 'इतकी वर्षं झाली, कर्ज आपोआप बाद झालं असेल' हा समज अर्धवट खरा आहे, म्हणून जास्त फसवा. साध्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षं, गहाणावरच्या वसुलीला बारा वर्षं आणि खुद्द शासनाच्या दाव्याला तब्बल तीस वर्षं अशा मुदती आहेत. महामंडळ म्हणजे शासन नव्हे, त्यामुळे तीस वर्षांची सवलत त्याला आपोआप मिळत नाही. १९९९ मध्ये केरळ सरकार विरुद्ध कल्याणिकुट्टी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की मुदत उलटून गेलेली महामंडळाची रक्कम महसूल वसुलीच्या मार्गानेही मागता येत नाही. जे पुढच्या दाराने येत नाही ते मागच्या दारानेही नको, असा त्याचा मथितार्थ. पण २०२४ मध्ये हरियाणाच्या एका महामंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे फेरविचारासाठी पाठवला आहे. तेव्हा हा मुद्दा अर्जात जरूर घ्या, त्यावरच सगळी भिस्त ठेवू नका. आणि एक सावधगिरी : मुदत चालू असताना कर्ज कबूल केल्याची सही किंवा थोडा भरणा केला, की मुदत नव्याने सुरू होते. मुदत गेल्यावरही 'मी देतो' असं लिहून सही केली, तर ते वचन बांधून ठेवतं. वसुलीला आलेल्या माणसाने 'नुसती पोच म्हणून सही करा' म्हटलं, तर वर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय अंगठाही देऊ नका.

जामीनदारांची पत्रं मला बरीच येतात, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. 'आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं जामीनदाराला म्हणता येत नाही. कराराच्या कायद्याचं कलम १२८ त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरतं आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धनकोला थेट जामीनदाराकडे जाण्याची मोकळीक दिली. पण जबाबदारी सारखी म्हणून नोटीसही एकच पुरते असं नाही. कर्जदाराला दिलेली नोटीस जामीनदाराला दिली असं होत नाही. राज्य वित्तीय महामंडळांच्या बाबतीत तर २००८ च्या कर्नाटकातल्या एका खटल्यात असं ठरलं, की राज्य वित्तीय महामंडळ कायद्याच्या कलम २९ खाली कर्जदार उद्योगाची मालमत्ता ताब्यात घेता येते, जामीनदाराचं घर त्याच कलमाने थेट घेता येत नाही.

बँकेचं कर्ज असेल तर वाट निराळी. सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस लागतेच, तिथे 'काढता येईल'ची पळवाट नाही. तुम्ही हरकत घेतली तर बँकेने पंधरा दिवसांत उत्तर दिलं पाहिजे. ताबा घेतला तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, आणि शेतजमिनीला हा कायदा लागूच नाही. सहकारी बँकांना तो लागू आहे की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला. तो मिटला कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात : ५ मे २०२० रोजी घटनापीठाने 'लागू आहे' असा निकाल दिला. शिवाय सहकारी संस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा दाखलाही आहे. त्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणी मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, हे ऐकून अनेकांचा उत्साह तिथेच मावळतो. पनवेलकरांना सांगायला नको, पण कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केल्यावर काही कर्जदारांना वाटलं, की बँक बुडाली म्हणजे कर्जही बुडालं. बँक अवसायनात गेली तरी तिची येणी जिवंतच राहतात, ती वसूल करण्यासाठीच अवसायक नेमलेला असतो.

तर तुम्ही काय करायचं? आधी कागद मिळवा, भांडण नंतर. सातबारावरच्या जप्तीच्या नोंदीला फेरफार क्रमांक असेल, त्याची नक्कल काढा. फेरफार नोंदवताना हितसंबंधितांना कळवावं लागतं, तेही झालं का ते त्यावरून कळेल. मग माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, एक महामंडळाकडे आणि एक तहसील कार्यालयाकडे. महामंडळाकडून करारपत्र, खाते उतारा आणि वसुली दाखला मागा, तहसीलमधून मागणीची नोटीस आणि ती बजावल्याचा अहवाल. हा शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. त्यात टपालाची पोच आहे की 'दारावर चिकटवली' असा पंचनामा, पंच कोण, त्यांच्या सह्या खरोखर आहेत का, आणि तारीख बाबा गेल्यानंतरची आहे का, हे सगळं पाहा. चिकटवलेल्या नोटिशीच्या पंचनाम्यावरचे पंच त्या गावचेच नाहीत, असं निघालं तर तुमचा मुद्दा कसा उभा राहतो ते वेगळं सांगायला नको. दाखल्यावर कोणत्या कायद्याचं कोणतं कलम लिहिलंय, तेही टिपून घ्या. महसुली मार्गाने वसुली करायला कायद्याचा आधार लागतो, तो नसेल तर सगळा डोलाराच हलतो.

कागद हातात आल्यावर तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध महसूल संहितेच्या कलम २४७ खाली पनवेलच्या प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं आणि त्याचबरोबर स्थगितीही मागता येते. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, नुसतं अपील दाखल झालं म्हणून वसुली थांबत नाही. पुढचे टप्पे अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे. नैसर्गिक न्यायाचा भंग हा मुद्दा असेल, तर घटनेच्या कलम २२६ खाली थेट मुंबई उच्च न्यायालयातही जाता येतं. दुसरा उपाय उपलब्ध असला तरी नैसर्गिक न्यायाचा भंग हा अपवाद धरायचा, हे १९९८ च्या व्हर्लपूल खटल्यात ठरलं आहे. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहेत, रायगड नाही. तुमचं न्यायालय फोर्टमधलंच. आणि दाखला दुसऱ्या जिल्ह्यातून आला असेल, तर १८९० च्या कायद्यातली एक विसरलेली सोय ध्यानात ठेवा : 'हरकत राखून' असं लेखी देऊन रक्कम भरायची आणि मग ती परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा करायचा. दावा मात्र दाखला काढणाऱ्या जिल्ह्यात करावा लागतो. जमीन विकायची घाई असेल, तर बोजा उतरवण्याचा हा सर्वांत जलद मार्ग.

महामंडळं तडजोडीला बऱ्याचदा तयार असतात, आणि माझं स्वतःचं मत विचाराल, तर हिशेब नीट तपासून व्याजात सूट मागणं हे वर्षानुवर्षांच्या खटल्यापेक्षा शहाणपणाचं. लोकअदालतीत तडजोड करणार असाल, तर एवढं लक्षात असू द्या, की तिथल्या निवाड्याविरुद्ध अपील नाही. आकडा सही करण्याआधी तपासायचा, नंतर नाही. तडजोडीनंतर 'बोजा कमी करावा' असं महामंडळाचं पत्र घ्यायला विसरू नका, नाहीतर पैसे फिटले तरी सातबारा तसाच राहतो. वकील परवडत नसेल, तर पनवेल न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तुमची आई हयात असेल तर वारस म्हणून अर्ज तिच्या नावानेही करता येईल.

प्रांतांकडच्या अपिलाला साठ दिवसांची मुदत आहे आणि ती तुम्हाला आदेश मिळाल्यापासून मोजतात. तेव्हा आदेशाची नक्कल ज्या दिवशी घ्याल, त्या दिवसाची तारीख तिच्यावर कचेरीच्या शिक्क्यासह घालून घ्या.